पावसाळ्यात थांबणारी लढाई

महाल, नागपूर

चि. ईशा,



तुझं पत्र परवा पोचलं. मोबाइलवर चार ओळी टाकून मोकळं व्हायचं सोडून तू कागद भरलेस, त्यामुळे उत्तरही लांबणार. कंटाळा आला तर मधला भाग गाळ, पण मला ते कळवू नकोस.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तिच्या आजीची बर्गींची, म्हणजे बंगालवर चालून गेलेल्या मराठी स्वारांची, अंगाई तुला म्हणून दाखवली आणि 'हे तुमचेच लोक बरं का' असं वर सांगितलं, तेव्हा तू ओशाळलीस. ओशाळण्याचं कारण नव्हतं. माहीत मात्र असायला हवं होतं, आणि नव्हतं यात तुझा दोष थोडा, आम्हा लोकांनी लिहिलेल्या-शिकवलेल्या पुस्तकांचा फार. अटकेपार झेंडे लावल्याचं पोरांना शाळेतच पाठ होतं. बंगालमधल्या बर्दवानला काय झालं ते सहसा कुठल्या धड्यात नसतं. ज्यांच्या फौजा गेल्या ते मोहीम नकाशावर बघतात. ज्यांच्या अंगणात घोडे शिरले त्यांच्याकडे ती अंगाईत उतरते.

पण तुझा खरा प्रश्न त्याच्या पुढे होता. 'आबा, माणूस मुळातच असा आहे. तेव्हा बर्गी होते, आज युक्रेन आहे, गाझा आहे, सुदान आहे. स्वभाव बदलत नाही, मग जगात कायमची शांतता येणार कुठून? हा सगळा भाबडेपणा नाही का?'

यातलं पहिलं वाक्य मला कबूल आहे. माणसाचा स्वभाव बदलेल या आशेवर मी कधी काही बांधलेलं नाही. जन्मभर आठवी-नववीचे वर्ग सांभाळलेला माणूस असली आशा बाळगत नाही. पण स्वभावावरून तू थेट युद्धावर जी उडी मारलीस, ती चुकली. मधे बरंच काही आहे, आणि ते बर्गींच्याच गोष्टीत लख्ख दिसतं. गोष्ट आपल्या गावातून निघालेली आहे, म्हणून तीच सांगतो.

१७४२च्या उन्हाळ्यात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. मागणी एकच, चौथाई. सुभ्याच्या वसुलाचा चौथा हिस्सा द्या, आम्ही तुमच्या वाटेला जाणार नाही. नवाब अलिवर्दी खान दोनच वर्षांपूर्वी आधीच्या नवाबाला लढाईत मारून गादीवर बसलेला, तो देईना. मग फौज मुलखात पसरली. मुर्शिदाबादेत शिरून जगतशेठचा वाडा लुटला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्रपुराण' नावाचं काव्य रचलं. नाव वाचून आपल्याला अभिमान वाटावा, आणि आत हे सगळं. पळणारी माणसं तो एकेक करून दाखवतो: पंडित पोथ्यांची ओझी घेऊन निघाले, सोनार तराजू आणि वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन. मग जे हाती सापडले त्यांचं काय झालं तेही सांगतो. कापलेले हात, नाकं, कान. पेटवलेली गावं. बायकांवरचे अत्याचार. आपल्या लोकांनी केलं ते. गुळमुळीत लिहून उपयोग नाही.

पावसाळा तोंडावर आला तसे भास्करराम परत फिरले होते. मीर हबीब नावाचा नवाबावर रुसलेला एक सरदार त्यांना येऊन मिळाला होता, त्याने गळ घातली आणि फौजेने कटव्याला भागीरथीच्या काठी छावणी केली. नदी फुगली. पलीकडच्या, पूर्वेच्या काठावरची माणसं तेवढे महिने वाचली. पश्चिमेकडून जो तो होड्या करून पलीकडे निघालेला. पाऊस ओसरल्यावर भास्कररामांनी थाटात दुर्गापूजा मांडली, आणि ऐन नवरात्रात अलिवर्दीने रात्री होड्यांच्या पुलावरून फौज उतरवून छापा घातला. पूजा अर्धवट टाकून आपल्या लोकांना पळावं लागलं. पुढे १७४४ साली बोलणी करायला बोलावून नवाबाने भास्कररामांना आणि त्यांच्या सरदारांना तंबूतच मारलं. तेव्हा सज्जन कोणी नव्हतं, हे दोन्ही बाजूंनी मांडून ठेव.

आता या गोष्टीतलं पावसाचं बघ. मराठी फौजांचं वर्ष ठरलेलं असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं, आणि मृगाच्या आधी परतायचं, नाहीतर छावणी टाकून बसायचं. चिखलात घोडा चालत नाही, नद्यांना उतार मिळत नाही, वैरण सडते, आणि स्वारांतल्या कित्येकांची घरी पेरणी असते. मला सांग, राग, सूड, हाव, मत्सर असं स्वभावातलं जे जे काही आपण युद्धाच्या नावाने खर्ची घालतो, ते आषाढात विझतं का? भाऊबंदकी पावसाळ्यात सुट्टी घेते का? उलट, बांधावरून डोकी फुटतात ती पेरणीच्याच दिवसांत. कोर्टात जाऊन बघ म्हणजे कळेल. स्वभावातून उसळणारी मारामारी तिथी बघत नाही. युद्ध मात्र चार महिने बासनात बांधून ठेवता येत होतं आणि दसऱ्याला सोडता येत होतं.

म्हणजे ती उकळी नव्हती, उद्योग होता. ज्याला बंगालमध्ये बर्गी म्हणतात तो आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला आणि वर पगार. पागेला दाणा लागे, हजेरी मांडायला कारकून लागे, फौज निघण्याआधी सावकाराचं कर्ज लागे, आणि कर्ज फिटायला चौथाई लागे. चौथाई मिळवायला परत फौज लागे. बारगिराला नवाबाचा राग आला होता असं समजायला काही आधार नाही. त्याने बहुधा नवाबाचं नावही निघण्याआधी ऐकलं नसेल.

आणि इथे मला तुझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते, कमी नाही. तू माणसातल्या वाईटाला घाबरतेस. बर्दवानला गेलेला तो स्वार घरी बहुधा चांगला मुलगा असेल. सोबत्याला सोडून न पळणारा, धन्याचं मीठ खाल्लं म्हणून जीव देणारा, सांगितलेलं काम करणारा. हे सगळे गुण आहेत. मुलांच्या अंगी ते यावेत म्हणून आपण शाळा चालवतो. फौज यांच्याच जोरावर उभी राहते. नुसत्या रागीट, हावरट, भांडखोर माणसांची फौज पहिल्याच मुक्कामाला आपसांत फुटेल. तेव्हा माणसं सुधारली म्हणजे युद्ध आपोआप थांबेल या आशेत मला तथ्य दिसत नाही. निष्ठावान आणि आज्ञाधारक माणसांनीच सगळ्यात मोठी युद्धं लढली आहेत. उलटा दाखलाही आहे. १९८३च्या सप्टेंबरात सोव्हिएत इशारा-यंत्रणेच्या पडद्यावर अमेरिकी क्षेपणास्त्रं येताना दिसली. पहाऱ्यावरच्या स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने यंत्रावर विश्वास न ठेवता 'खोटा इशारा' असं वर कळवलं, आणि ते खरं निघालं. शंका घेणं हाही स्वभावच. तो कवायतीत शिकवत नाहीत, एवढंच.

तुझ्या पत्रातले चिंपांझी विसरलो नाही. टांझानियातल्या गोंबे इथे १९७४ ते १९७८ या काळात एका टोळीने शेजारच्या टोळीतले नर एकेक गाठून मारले, हे जेन गुडॉल यांनी नोंदवलं, आणि आपले लाडके प्राणी असं करतात याचा त्यांना स्वतःलाच धक्का बसला. पण काँगो नदीच्या दक्षिणेला बोनोबो राहतात. ते आपले तेवढेच जवळचे नातेवाईक, आणि त्यांच्यात असल्या मोहिमा दिसलेल्या नाहीत. कुठला चुलता आपला, हे ज्याला जे सिद्ध करायचं असेल त्यावर ठरतं, असा माझा अनुभव आहे. शिवाय चिंपांझी कर्ज काढत नाहीत.

आणखी एक गंमत ऐक. १७४३ साली खुद्द रघूजी बंगालमध्ये उतरले. त्यांना हुसकावायला नवाबाच्या मदतीला कोण आलं? नानासाहेब पेशवे. नवाबाने शाहू महाराजांना चौथाई आणि पेशव्यांना फौजेच्या खर्चापोटी २२ लाख कबूल केले. एकाच छत्रपतींचे दोन सेवक, दोघे मराठी, दोघे देवाधर्माचे, आणि परमुलखात एकमेकांच्या मागे लागलेले. नंतर शाहू महाराजांनी मध्ये पडून दोघांना मुलूख वाटून दिले आणि भांडण मिटलं. 'मध्ये पडून' हे शब्द लक्षात असू देत, पुढे लागणार आहेत. सगळ्यांची भाषा एक झाली, धर्म एक झाला की भांडणं मिटतील असं म्हणणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

तू संख्याशास्त्र शिकतेस, तेव्हा लुईस फ्राय रिचर्डसन हे नाव तुला हवामानाच्या अंदाजामुळे तरी माहीत असेल. हा इंग्रज क्वेकर पंथाचा होता. पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक नाकारली आणि फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवली. १९२० साली हवामानखातं हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेलं, तेव्हा त्याने नोकरी सोडली. पुढे तो १८२० नंतरची युद्धं मोजत बसला. कुठली, केव्हा सुरू झाली, किती मेले, लढणाऱ्यांत काय सारखं होतं. पुस्तक निघालं १९६० साली, तो गेल्यावर सात वर्षांनी. भाषा एक असण्याने युद्धं टळतात का, हे त्याने आकडे मांडून तपासलं. तसा आधार त्याला सापडला नाही. पेशवे आणि भोसले त्याच्या यादीच्या आधीचे, नाहीतर त्याला हाताशी उदाहरण मिळालं असतं.

बंगालवरच्या स्वाऱ्या थांबल्या कशा? कोणाचं हृदय पाझरलं म्हणून नाही. १७५१ साली तह झाला: वर्षाला १२ लाख चौथाई आणि ओडिशाचा मुलूख भोसल्यांकडे. किंमत ठरली, फौजा परत फिरल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी बर्गींच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, 'मराठा डिच'. तो पुरा झालाच नाही, आणि पुढे बुजवूनही टाकला. मग त्याच इंग्रजांच्या कंपनीने १८०३ साली देवगावच्या तहात नागपूरकरांकडून कटक घेतलं, १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकरांचा पराभव केला, आणि तिसरे रघूजी निपुत्रिक वारले तेव्हा राज्यच खालसा केलं. त्यानंतर नागपूर आणि मुर्शिदाबाद यांच्यात लढाई होणं शक्यच राहिलं नाही. शांतता झाली.

अशी शांतता नको असेल तर तसं म्हण, मीही म्हणतो. ती जेत्याची शांतता होती, आणि ती टिकवायला ठिकठिकाणी पलटण बसवावी लागली. शिवाय युद्ध बंद झालं नव्हतं, बाहेर पाठवलं जात होतं. पहिल्या महायुद्धात या देशातली दहा लाखांवर माणसं समुद्रापलीकडे गेली. सत्तर हजारांहून जास्त परतली नाहीत. आणि राज्य सोडून जायची वेळ आली तेव्हा झाकण उडालं. तू राहतेस त्याच कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९४६ पासून चार दिवस माणसं एकमेकांना गल्लीबोळांत मारत होती. बारगीर नव्हते, पगार नव्हता, शेजारी होते. तुझा मुद्दा सगळ्यात बळकट असेल तर तो इथे आहे. मी तो खोडू शकत नाही. एवढंच दाखवतो की तेच शेजारी त्याआधी पिढ्यान् पिढ्या शेजारी होते आणि नंतरही बरेचसे राहिले. स्वभाव १५ ऑगस्टला एक आणि १६ला दुसरा असा झाला नाही. त्या दिवशी मधे उभं राहणारं कोणी नव्हतं. पोलीस वेळेवर हलले नाहीत आणि पुढाऱ्यांनी आग विझवण्याऐवजी फुंकर घातली.

'मग माणसाचं मनच बदलायला हवं, अशोकासारखं,' असं तू म्हणशील. आपल्या गावात दसऱ्याला हा विषय टाळताच येत नाही. ज्या दिवशी भोसल्यांच्या फौजा सीमा ओलांडत, त्याच विजयादशमीला १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, आणि आता त्या दिवशी देशभरातून लाखो माणसं निळे झेंडे घेऊन इथे उतरतात. अशोक इथे नुसता पुस्तकातला राजा नाही. तरी त्याचे लेख नीट वाच. कलिंगात लाखभर मेले, दीड लाख पकडून नेले, आणि राजाला पश्चात्ताप झाला, हे तेराव्या शिलालेखात आहे. पण तो लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, कोरलेला नाही; तिथे त्याच्या जागी अधिकाऱ्यांना नीट वागायची ताकीद देणारे वेगळे लेख आहेत. कलिंग त्याने परत केलं नाही. त्याच तेराव्या लेखात रानातल्या लोकांना तो बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी हातात बळ आहे. पश्चात्ताप खोटा होता असं मी म्हणत नाही. जगाच्या इतिहासात जिंकल्यावर असं लिहून ठेवणारा राजा शोधून सापडणं कठीण. पण एका माणसाचं मन बदललं, ते त्याच्याबरोबर गेलं. अशोकानंतर पन्नासेक वर्षांत मौर्यांचा शेवटचा राजा त्याच्याच सेनापतीने मारला.

मी ज्यावर थोडाबहुत भरवसा ठेवतो ती गोष्ट फार रुक्ष आहे. कृष्णेचं पाणी. कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या मुलखासाठी माधवराव पेशवे आणि हैदर अली वर्षानुवर्षं लढले. आज तिथे भांडण मिटलंय का? छे! १९६९ साली बच्छावत लवाद नेमला, त्याने महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० असं पाणी वाटलं, आणि तिघेही आपल्यावर अन्याय झाला असं म्हणत राहिले. मग दुसरा लवाद. सांगली-कोल्हापूरला पूर आला की अलमट्टीच्या नावाने बोटं मोडायची. बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. मधेच कोणीतरी बसला काळं फासतो, दोन दिवस एसटी बंद, मुख्यमंत्री एकमेकांवर गुरगुरतात. हाव, अहंकार, भाषेचा ताठा, सगळा स्वभाव जागच्या जागी आहे, रत्तीभर कमी झालेला नाही. फक्त कोल्हापूरहून धारवाडवर फौज निघत नाही. निघेल असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही, आणि हे आश्चर्य आहे असंही कोणाला वाटत नाही.

शंभर टक्के पक्कं आहे का? नाही. २६ जुलै २०२१ला आसाम आणि मिझोरामच्या सीमेवर दोन राज्यांच्या पोलिसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. आसामचे पोलीस मेले. एकाच देशाची, एकाच राज्यघटनेची शपथ घेतलेली माणसं. बातमी वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग केंद्राचं दल दोघांच्या मधे जाऊन उभं राहिलं, दोन्ही सरकारं दिल्लीला गेली, आणि भांडण परत जिथलं तिथे, म्हणजे कागदावर, आलं. शाहू महाराजांनी जे केलं तेच. फरक इतकाच की आता मधे पडणारा तिसरा जिंकून आलेला राजा नाही, दोघांनीही त्याला आधीच कबूल केलेलं आहे, आणि उद्या त्याचं चुकलं तर त्याच्यावरही दावा टाकता येतो.

देशांच्या मधे असा तिसरा नाही. नेमका हाच प्रश्न आइन्स्टाइनने विचारला होता. राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्याच्या संस्थेने त्याला सांगितलं की तुम्हाला हव्या त्या माणसाशी, हव्या त्या विषयावर पत्रव्यवहार करा. ३० जुलै १९३२ला त्याने पॉट्सडॅमजवळच्या आपल्या घरून फ्रॉइडला पत्र लिहिलं. माणसाला युद्धाच्या संकटातून सोडवण्याचा काही मार्ग आहे का? त्याला स्वतःला एक बाहेरचा मार्ग दिसत होता, की देशांनी आपली थोडी सत्ता सोडून वरच्या एका न्यायसंस्थेला द्यावी. पण ते का होत नाही, माणसाच्या आत काय अडतं, हे त्याला मनाच्या वैद्याकडून हवं होतं. फ्रॉइडने सप्टेंबरात व्हिएन्नाहून उत्तर दिलं. तुझ्या बाजूचं अर्धं त्यात आहे: मोडतोड करण्याची ओढ माणसात जन्मजात आहे, ती उपटून टाकता येणार नाही. पण पुढचं लोक वाचत नाहीत. तो म्हणतो की कायदा हाही मुळात बळच आहे, अनेक दुबळ्यांनी एकत्र येऊन एका बलवानाविरुद्ध उभं केलेलं. आणि राष्ट्रसंघाजवळ स्वतःचं बळ नाही, हे त्याचं दुखणं. ती ओढ नष्ट करायला नको, ती युद्धावाटे बाहेर पडणार नाही एवढं वळवता आलं तरी पुरे. पत्रं १९३३ साली छापून आली तेव्हा जर्मनीत हिटलर सत्तेवर होता. दोघांनाही देश सोडावा लागला.

१९४५ साली राष्ट्रसंघाच्या जागी संयुक्त राष्ट्रं आली, आणि सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार मिळाला. मधे पडणाऱ्याच्या हातात काठी दिली, पण ती उचलायची की नाही हे पाच दांडग्यांनी ठरवायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनमध्ये फौज घातली. परिषदेत ठराव आला. रशियाने नाही म्हटलं, ठराव पडला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावांवर अमेरिकेने हेच केलं. हे माणसाच्या स्वभावामुळे झालं असं म्हणणं म्हणजे सही करणाऱ्यांना सोडून देणं. सनदेतलं ते कलम कोणीतरी, कुठल्यातरी दिवशी, आपल्या फायद्यासाठी घातलेलं आहे. म्हणून 'स्वभाव' या उत्तराचा मला राग येतो. ते ऐकून कोणाला घाम फुटत नाही.

मात्र जगावर एक बळकट सरकार बसवा म्हणजे झालं, असंही मी म्हणणार नाही. आम्ही कंपनी बघितलेले लोक. तिसरा जिंकून आला तर तो शांतता विकतो आणि किंमतही तोच ठरवतो. युरोपात फ्रान्स आणि जर्मनी यांनी सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांचे गळे धरले, आणि मग १९५१ साली कोळसा आणि पोलाद, ज्यातून तोफा निघतात तेच, चार शेजाऱ्यांसकट एका सामायिक मंडळाच्या हाती दिलं. कारकुनी काम. त्यातून उभी राहिलेली शांतता अजून आहे. पण ती त्यांच्या आपसातली. अल्जिरियाला तिचा काही उपयोग झाला नाही. अशी तुकड्या-तुकड्यांनीच ती येते, आणि तुकड्याच्या कडेला संपते.

माझ्या बोलण्यातला कच्चा दुवा मला ठाऊक आहे, तू काढण्याआधी मीच काढतो. बर्गींच्या युद्धाला पागा, सावकार, पाऊस, पेरणी, हजार माणसांची मान्यता लागे. तेवढ्या ठिकाणी ते अडवता येई. आताच्या क्षेपणास्त्राला दसरा लागत नाही आणि आषाढही आडवा येत नाही. निर्णय घ्यायला मोजकी माणसं आणि मोजकी मिनिटं. युद्ध हा उद्योग असेल, पण तो चालवायला आता फार थोडे हात पुरतात. आणि हात जितके थोडे तितका त्या थोड्यांचा स्वभाव महत्त्वाचा. इथे तुझं म्हणणं मागच्या दाराने परत आत येतं. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आता तुझ्याकडे काम. १९४५ नंतर महासत्ता एकमेकांशी थेट लढल्या नाहीत, याला 'दीर्घ शांतता' म्हणतात आणि माणूस सुधारत चालल्याचा पुरावा म्हणून ती दाखवतात. २०१८ साली ॲरन क्लॉसेट नावाच्या संशोधकाने १८२३ पासूनच्या युद्धांचे आकडे तपासून म्हटलं, की ही शांतता नुसता योगायोगही असू शकते. ती खरा कल आहे असं संख्याशास्त्राने म्हणायला ती आणखी १०० ते १४० वर्षं टिकायला हवी. तो रिचर्डसनच्याच वाटेवरचा माणूस दिसतो. यातलं गणित माझ्या डोक्यावरून गेलं. देशांची संख्या वाढत गेली याचा हिशेब त्याने कसा धरला, आणि एक दुसरं महायुद्ध त्या सगळ्या आकड्यांना किती ओढतं, हे मला सोप्या मराठीत लिहून कळव. सुट्टीत आलीस तर मी ऐकणार नाही, कागदावर हवं.

थंडी पडायला लागली की तिकडे खोकला होतो म्हणतात, काळजी घे. आजीने डिंकाचे लाडू पाठवायला काढलेत, मैत्रिणीला दे.

तुझा,
आबा